सुरवंट, शेजारी आणि सरकार

आषाढ सरत आला की आमच्याकडे परसातल्या शेवग्याच्या खोडावर एखाद्या सकाळी करडी लव उगवल्यासारखी दिसते. जवळ जाऊन पाहावे तो ती लव हलते. रात्रभर पाला कुरतडून तृप्त झालेले केसाळ सुरवंट उजाडल्यावर खोडावर उतरून एकमेकांस बिलगून विसावलेले असतात. त्यांच्या केसांचा नुसता स्पर्श झाला तरी अंगावर गांधी उठतात आणि दोन दिवस खाज जात नाही. दारी शेवगा लावू नये असे जुनी माणसे म्हणत, त्यामागे शकुन-अपशकुनापेक्षा हा अनुभवच अधिक असावा असे आम्हांस वाटते. तथापि शेवग्याच्या शेंगांवाचून आमटी नाही आणि त्याच्या पाल्याच्या भाजीवाचून गोकुळाष्टमी नाही; तेव्हा शेवगा दारी राहतोच, आणि त्याच्याबरोबर सुरवंटही येतात.

अशाच एका शेवग्याचे प्रकरण काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आले. दोन शेजारी, दोघेही एकाच देवस्थानचे महाजन, एकाच पालखीस खांदा देणारे. मध्ये चिऱ्यांचा कमरेइतका गडगा. पहिल्याच्या शेवग्यावरचे सुरवंट गडगा ओलांडून दुसऱ्याच्या पडवीत आले आणि पाळण्यातल्या मुलाच्या अंगावर गांधी उठल्या. दुसऱ्याने दोनदा सांगून पाहिले. तिसऱ्यांदा न सांगता, रात्री, दुकानातून आणलेले कसलेसे जालीम औषध त्याने गडग्यावरून त्या झाडावर मारले. दोन दिवसांनी अष्टमी. पहिल्याच्या वृद्ध आईने भाजीसाठी पाला खुडला. हातास उग्र दर्प आला म्हणून तिने तो गोठ्याकडे टाकला. तो वासराने खाल्ला आणि संध्याकाळपर्यंत वासरू गेले. तो पाला चुलीवर चढला असता तर काय झाले असते, या कल्पनेनेच त्या घरात कोणी दोन दिवस जेवले नाही.

सकाळी एक गृहस्थ आले, दुपारी दुसरे. दोघांचा प्रश्न एकच: “वकीलबाब, कायदा कोणाच्या बाजूने?” आम्ही दोघांचेही वकीलपत्र घेऊ शकत नव्हतो, एकाचेही घेतले नाही. परंतु प्रश्न मनातून जाईना. आपल्या परसात वाढलेला जीव शेजाऱ्याच्या घरात शिरला तर जबाबदार कोण? त्याचा नाश करण्यासाठी दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकण्याचा, किंवा विष टाकण्याचा, अधिकार कोणाचा आणि कोठवर? याचा शोध घेता घेता आम्ही फार दूर, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील मेडफर्ड नावाच्या गावी जाऊन पोहोचलो. परसातील झाडांवरचे सुरवंट हा एका राज्याच्या विधिमंडळाचा, पुढे साऱ्या देशाच्या न्यायालयांचा विषय कसा झाला याची ही कथा आहे. ती आमच्या वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. कारण तिच्यात कीटक कमी आणि माणसे अधिक आहेत.

एत्येन लेओपोल्ड त्रूव्हेलो हा १८२७ साली जन्मलेला फ्रेंच चित्रकार. फ्रान्समध्ये १८५१ साली लुई नेपोलियनने सत्ता बळकावल्यानंतर तो देश सोडून अमेरिकेस गेला आणि मेडफर्ड येथील मर्टल स्ट्रीटवर सत्तावीस क्रमांकाच्या घरात कुटुंबासह राहिला. त्या काळी युरोपातील रेशमाचे किडे रोगाने पटापट मरत होते. पाश्चरसारखा थोर संशोधक त्या रोगाच्या मागे लागला होता. अमेरिकेतील रानटी किड्यापासून रेशीम काढता आले तर, असा विचार त्रूव्हेलोच्या मनात आला. ज्या देशी पतंगावर त्याने प्रयोग केले तो आपल्या भंडाऱ्याकडील टसर रेशमाच्या किड्याचा सख्खा चुलतभाऊच होय. १८६५ साली त्याच्या घरामागील पाच एकर रानात, जाळ्यांनी झाकलेल्या झुडपांवर, दहा लाख सुरवंट चरत होते असे त्याने स्वतःच १८६७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात लिहून ठेवले आहे. माणूस छंदिष्ट खरा, पण आळशी किंवा दुष्ट नव्हे.

पुढे १८६८ किंवा १८६९ साली त्याने युरोपातून आणखी एका पतंगाची अंडी आणविली. शास्त्रीय परिभाषेत आज त्यास लिमँट्रिया डिस्पार म्हणतात. नर तपकिरी, मादी पांढुरकी. दोघांत इतका फरक की नावातच ‘विसदृश’ असा अर्थ आला. ती अंडी त्याने का आणविली याविषयी एकमत नाही. रेशमाच्या प्रयोगासाठीच, असा सामान्य समज आहे. ती निसटली कशी याविषयीही निरनिराळ्या कथा आहेत; कोणी वाऱ्यास दोष देतो, कोणी फाटक्या जाळ्यास. काही किडे निसटले एवढे निश्चित. त्रूव्हेलोने त्यांचा शोध घेतला आणि घडली गोष्ट लपविली नाही, असेही नमूद आहे. परंतु शेजारी स्वस्थ होते, झाडे हिरवी होती. कोणास त्याचे काही वाटले नाही.

पुढे त्रूव्हेलोचे मन किड्यांवरून उडून आकाशाकडे वळले. १८७२ पासून त्याने हार्वर्डच्या वेधशाळेत ग्रह, धूमकेतू, तेजोमेघ यांची चित्रे काढली. ती आजही नावाजली जातात. चंद्रावरील एका विवरास आणि मंगळावरील एका विवरास त्याचे नाव आहे. १८८२ साली तो मायदेशी परतला आणि १८९५ साली तेथेच वारला. ज्याचे नाव चंद्रावर कोरले गेले, त्याचे नाव मर्टल स्ट्रीटवर मात्र वेगळ्याच भावनेने घेतले जाऊ लागले.

कारण त्याच्या पाठीमागे त्याच आळीत सुरवंट वाढत होते. या पतंगाची युरोपीय जातीची मादी उडू शकत नाही. म्हणून प्रसार मंद. पण एक मादी पाचशे ते हजार अंडी घालते, ती स्वतःच्या पिवळसर केसांच्या गादीत गुंडाळते आणि ही गादी झाडाच्या सालीवर, दगडावर, कुंपणावर, गाडीच्या फळीखाली, कोठेही चिकटवते. हिवाळा अंड्यांत जातो. वसंतात बाहेर आलेले इवलेसे सुरवंट रेशमाच्या तंतूस लोंबकळतात आणि वारा त्यांस पुढच्या झाडावर नेतो. वीस वर्षे हा संसार असा मुकाट्याने वाढला. १८८० च्या सुमारास मर्टल स्ट्रीटवरील लोकांस त्याचा उपद्रव जाणवू लागला. पण प्रत्येक जण तो आपल्याच परसातला उपद्रव समजून एकटाच झुंजत राहिला. १८८९ च्या उन्हाळ्यात कडेलोट झाला.

त्या वर्षीच्या रहिवाशांच्या साक्षी पुढे शासकीय ग्रंथात छापल्या गेल्या. त्या वाचताना अंगावर काटा येतो. सफरचंदाची व सावलीची झाडे ऐन उन्हाळ्यात हिवाळ्यासारखी उघडी पडली. रात्री निजल्या जागी पाने कुरतडल्याचा आवाज ऐकू येई आणि विष्ठेचे कण पावसासारखे पडत. पायवाटा चिरडलेल्या सुरवंटांनी निसरड्या झाल्या. वाळत घातलेले कपडे डागाळत, दारे लावली तरी सुरवंट बिछान्यांत सापडत. बायका बादल्या भरभरून सुरवंट गोळा करीत, त्यांवर उकळते पाणी किंवा रॉकेल ओतीत, आणि संध्याकाळी पाहावे तो भिंत पुन्हा काळी. आपल्याकडील एक शेवगा आठवून त्याच्याऐवजी सारे गाव डोळ्यांपुढे आणावे, म्हणजे कल्पना येईल.

हा किडा कोणता, हेही कोणास ठाऊक नव्हते. नमुने ॲमहर्स्टच्या कृषिसंशोधन केंद्राकडे गेले तेव्हा तेथील कीटकशास्त्रज्ञ प्राध्यापक फर्नाल्ड युरोपात होते. त्यांच्या पत्नी मरिया फर्नाल्ड या स्वतः पतंगांच्या जाणकार. त्यांनी आपल्या मुलाच्या साह्याने किडा ओळखला. इतक्या वर्षांनी गावास आपल्या शत्रूचे नाव कळले ते असे.

येथे कायद्याच्या विद्यार्थ्यास एक योगायोग खुणावतो. ज्या १८६८ साली, किंवा त्याच्या लगोलग, ती अंडी मेडफर्डला आली, त्याच १८६८ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने रायलंड्स विरुद्ध फ्लेचर हा प्रसिद्ध निर्णय दिला. एका गिरणीमालकाने आपल्या जमिनीत तलाव बांधला. त्याचे पाणी खालून झिरपून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत घुसले. निर्णय असा की, निसटल्यास अनर्थ करील अशी वस्तू जो आपल्या जमिनीत आणून ठेवतो, तो ती आपल्या जोखमीवर ठेवतो. निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या वायुगळतीच्या प्रकरणी डिसेंबर १९८६ मध्ये हे तत्त्व धोकादायक उद्योगांपुरते आणखी कडक केले आणि त्यास एकही अपवाद ठेवला नाही. त्रूव्हेलोच्या कृत्यास या तत्त्वाहून नेमके लागू पडणारे दुसरे तत्त्व नाही. पण तत्त्व कितीही नेमके असले तरी ते लावावयाचे कोणास? अनर्थ उघड झाला तेव्हा माणूस फ्रान्समध्ये वेधशाळेत बसून आकाश रेखाटीत होता. आणि तो हाती लागता तरी एका चित्रकाराच्या मिळकतीतून किती गावांची झाडे भरून निघाली असती? जेथे दोष एकाचा आणि हानी अगणितांची, तेथे दिवाणी दावा अपुरा पडतो. सरकारास पुढे व्हावे लागते.

सरकार पुढे झाले. मार्च १८९० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने खास या किड्यासाठी कायदा केला, पंचवीस हजार डॉलर मंजूर केले आणि त्याच वर्षी आणखी पंचवीस हजार दिले. या कायद्याचे कलमवार वाचन आमच्यासारख्यास मनोरंजक वाटते. नेमलेल्या अधिकाऱ्यांस कोणाच्याही जमिनीत प्रवेश करण्याचा अधिकार मिळाला. त्यांस अडविणे गुन्हा ठरले. हा किडा जाणूनबुजून राज्यात आणणे हाही गुन्हा ठरला. पण किडा येऊन वीस वर्षे उलटून गेल्यावर! जमीनमालकाचे नुकसान झाल्यास त्याला भरपाई मागता येईल, असे एक कलम होते. परंतु सुरवंट मेल्यामुळे त्याचा जो लाभ झाला असेल, तो न्यायालयाने त्या रकमेतून वजा करावा, अशी पुस्तीही त्यास जोडली होती. विधिमंडळे सर्वत्र सारखीच, हे म्हणावयास हे एक कलम पुरेसे आहे.

१८९१ पासून कामाचे सूत्रधार झाले एडवर्ड फोर्बुश. हे मूळचे पक्षिशास्त्रज्ञ. प्रारंभी रोग मेडफर्डपुरताच समजला गेला होता; शोध घेता तो सुमारे तीस गावे-शहरांत पसरलेला आढळला. उपाय दोन प्रकारचे होते. पहिला हातांचा. माणसे शिड्या लावून झाडांवर चढत, अंड्यांच्या गाद्या शोधून त्यांवर क्रिओसोट तेल लावीत आणि खोडांभोवती गोणपाटाचे पट्टे बांधीत. यामागील युक्ती अशी की मोठा झालेला सुरवंट रात्री चरतो आणि पहाटे लपावयास खाली उतरतो. तो गोणपाटाच्या घडीखाली शिरून बसतो. दिवसा घडी उचलावी आणि तेथल्या तेथे त्यांचा निकाल लावावा. आमच्या शेवग्यावरचे सुरवंटही दिवसा खोडावरच एकत्र येतात, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

दुसरा उपाय विषाचा. प्रथम पॅरिस ग्रीन नावाचे तांबे आणि सोमल यांचे हिरवे विष पंपाने फवारले गेले. त्याने पाने करपत, पण सुरवंट पुरेसे मरत नसत. मेडफर्डच्या नागरिकांनी सभा भरवून या फवाऱ्याचा निषेध केला. एका गृहस्थाने तर आपल्या जमिनीत शिरलेल्या टाकीची नळी कापण्याचा प्रयत्न केला आणि कामगारांस मारहाणीची धमकी दिली. त्यास अटक होऊन दंड झाला. फवारलेल्या झाडाची पाने चघळून एक माणूस मेला, पावावर विषाचे थेंब पडून एका मुलास विषबाधा झाली, अशा वार्ता उठल्या. चौकशीअंती त्या निराधार ठरल्या असे सरकारी ग्रंथ सांगतो. ठरल्याही असतील. पण ज्याच्या परसात सरकारी माणूस न विचारता सोमलाची टाकी घेऊन शिरतो, त्याच्या मनातील भय चौकशीने निराधार ठरत नाही. अष्टमीचा पाला हाती धरलेली ती वृद्धा ज्याने पाहिली आहे, तो त्या नळी कापणाऱ्यास सर्वस्वी वेडा म्हणणार नाही.

१८९२ साली या मोहिमेतील रसायनज्ञ मोल्टन यांनी शिसे आणि सोमल यांचे एक नवे संयुग सिद्ध केले. हे पाने करपवीत नसे आणि पावसाने सहजी धुपत नसे. हा त्याचा गुण. आणि हाच त्याचा दोष. पुढील अर्धशतक अमेरिकेतील सफरचंदाच्या बागांवर हेच औषध वर्षानुवर्षे फवारले गेले. कीटकनाशक म्हणून त्याचा सर्व वापर १९८८ साली त्या देशात अधिकृतपणे बंद झाला. पण जुन्या बागांच्या मातीत शिसे आणि सोमल आजही आहे, आणि त्या मातीवर घरे बांधणाऱ्यास ते निस्तरावे लागते. सुरवंटाचे आयुष्य काही महिन्यांचे. त्याच्यासाठी टाकलेल्या विषाचे आयुष्य पिढ्यांचे.

दहा वर्षांत दहा लाखांहून अधिक डॉलर खर्ची पडले. किडा पुष्कळ कमी झाला, नाहीसा मात्र झाला नाही. तेव्हा १९०० साली विधिमंडळाने हात आखडता घेतला. आता दिसत तर नाही, मग पैसा कशाला, असा हिशेब! पाचच वर्षांत किडा पूर्वीच्या कित्येक पट मुलखात पसरला आणि १९०५ साली काम पुन्हा सुरू करावे लागले. परंतु समूळ नाशाची संधी, कधी असलीच तर, गेली होती. रोग हटत आला म्हणजे औषध थांबविणारा रोगी आपण घरोघरी पाहतो. येथे एक सबंध विधिमंडळ तसे वागले.

१९०५ नंतर एक नवा विचार पुढे आला. युरोपात हा किडा आहे, पण तेथे त्याचे शत्रूही आहेत. ते येथे आणावेत. हॉवर्ड आणि फिस्क यांच्या देखरेखीखाली परोपजीवी माश्या, गांधीलमाश्या, भुंगे यांच्या पेट्या समुद्रापलीकडून येऊ लागल्या. झाडावर चढून सुरवंट मटकावणारा एक सुंदर हिरवा भुंगा त्यांत होता. तो तेथे रुळला आणि उपयोगी पडला. पण १९०६ साली कॉम्प्सिलूरा नावाची एक माशीही सोडण्यात आली. ती एकाच किड्यावर समाधान मानणारी नव्हती. दीडशेहून अधिक जातींच्या अळ्यांत ती आपली संतती वाढवते. मॅसॅच्युसेट्समधील देशी रेशीमपतंगांच्या ऱ्हासास ही माशी मोठ्या प्रमाणात कारण झाली असावी, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले. नियतीचा खेळ पाहा. देशी रेशीमपतंगांच्या प्रेमाने त्रूव्हेलोने हे पर्व सुरू केले, आणि त्याचे प्रायश्चित्त त्या पतंगांच्याच वाट्यास आले.

आमच्या जुन्या शास्त्रकारांनी सहा ‘ईति’ सांगितल्या आहेत: अतिवृष्टी, अनावृष्टी, उंदीर, टोळ, पोपट आणि सहावी, जवळ येऊन ठेपलेला राजा. टोळांच्या आणि पोपटांच्या ओळीत राजा बसविणारी ही बुद्धी आम्हांस लहानपणी विनोदी वाटे. या कथेचा पुढचा भाग वाचल्यावर ती तशी वाटेनाशी झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर डी. डी. टी. आले, आणि परसात शिरण्यासाठी फाटक उघडण्याचीही गरज उरली नाही. विमान वरून जाऊ लागले. १९५७ साली केंद्रीय आणि राज्य सरकारांनी न्यूयॉर्क आणि शेजारच्या राज्यांत लाखो एकरांवर तेलात मिसळलेले डी. डी. टी. फवारले. न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडच्या दाट वस्तीवर, भाजीच्या वाफ्यांवर, दुभत्या गाईंच्या कुरणांवर, तळ्यांवर, खेळणाऱ्या मुलांवर ते पडले. तेथील काही रहिवासी न्यायालयात गेले. त्यांत रॉबर्ट कुशमन मर्फी हे नामवंत पक्षिशास्त्रज्ञ होते. आणि मार्जोरी स्पॉक व मेरी रिचर्ड्स या दोघी होत्या, ज्यांनी रसायनांचा स्पर्श होऊ न देता भाजीचा मळा जोपासला होता. एकीच्या प्रकृतीस शुद्ध अन्नावाचून दुसरा आधार नव्हता. त्यांचे म्हणणे साधे होते: आमच्या जमिनीवर, आमच्या संमतीवाचून, आम्हांस नको असलेले विष टाकण्याचा अधिकार सरकारास नाही.

तात्पुरता मनाई हुकूम त्यांस मिळाला नाही. १९५८ साली खटला बावीस दिवस चालला आणि फेटाळला गेला. सार्वजनिक हितासाठी सरकारने केलेली ही वाजवी उपाययोजना होय, असे न्यायालय म्हणाले. १९५९ साली अपील न्यायालयाने सांगितले की फवारणी होऊन गेली, आता मनाई कशास करावयाची? मात्र जाता जाता त्या न्यायाधीशांनी एक महत्त्वाची गोष्ट नमूद केली: पुढे असा प्रश्न आला तर, ज्या योजनेने एवढी व्यापक गैरसोय व हानी होऊ शकते, तिच्या पद्धती आणि खबरदारी न्यायालयांनी नीट तपासून पाहावी. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. एकट्या न्यायमूर्ती डग्लस यांनी भिन्न मत लिहिले. प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा आहे, तो ऐकावयास हवा होता, असे त्यांचे म्हणणे.

खटला हरला, पण हरलेल्या खटल्याचे कागद कधी कधी जिंकलेल्या निकालाहून दूर जातात. स्पॉक बाईंनी जमविलेले पुरावे, साक्षी, पत्रे रेचेल कार्सन या लेखिकेच्या हाती पडली आणि १९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ हा तिचा ग्रंथ निघाला. आकाशातून सरसकट टाकल्या जाणाऱ्या विषावर त्यात एक सबंध प्रकरण आहे आणि त्याचा प्रारंभ या सुरवंटांच्या मोहिमेनेच होतो. दहा वर्षांनी, १९७२ साली, डी. डी. टी.चा सर्वसाधारण वापर अमेरिकेत बंद झाला. वकिली करताना हरलेल्या पक्षकारास धीर देण्याची वेळ आली की आम्हांस लाँग आयलंडच्या त्या दोन बायका आठवतात.

हे सर्व परदेशी म्हणून बाजूस सारता येईल, असे कोणी म्हणेल, तर त्याने आमच्याच किनाऱ्यावर दक्षिणेस कासरगोडकडे पाहावे. तेथे किडा सुरवंट नव्हे, काजूवरचा ढेकण्या. पण विष वरूनच आले. सुमारे दोन दशके, इ.स. २००० पर्यंत, काजूच्या विस्तीर्ण मळ्यांवर हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. मळ्याच्या कडेस विहिरी होत्या, घरे होती, शाळा होत्या. गावोगाव व्यंग घेऊन जन्मलेली मुले आणि असाध्य दुखणी दिसू लागली तेव्हा प्रश्न न्यायालयात गेला. मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधाचे उत्पादन, विक्री व वापर देशभर थांबविला आणि जानेवारी २०१७ मध्ये पीडितांस प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. जो प्रश्न लाँग आयलंडवर अनुत्तरित राहिला त्यास आमच्या न्यायालयाने उत्तर दिले. पण एका पिढीचे आयुष्य गेल्यावर.

आता त्या अमेरिकन सुरवंटाचे पुढे काय झाले, हे सांगून टाकावयास हवे. तो आजही आहे. १९८१ साली त्याने सुमारे एक कोटी एकोणतीस लाख एकरांवरील झाडे उघडी केली. तो उच्चांक होय. मग १९८९ साली एक आश्चर्य घडले. जपानातील एक बुरशी, जी १९१०-११ च्या सुमारास आणून सोडली होती आणि रुजलीच नाही असे सर्वांनी मानले होते, ती अकस्मात ईशान्येकडील राज्यांत प्रकट झाली आणि सुरवंट झाडांवरच लटकून मरू लागले. वसंतात पाऊस चांगला झाला की बुरशी फोफावते. अवर्षण पडले की सुरवंट. पूर्वी त्याचे जे रूढ इंग्रजी नाव होते, ते एका भटक्या मानवसमाजाचा अवमान करणारे होते. तेथील कीटकशास्त्रज्ञांच्या संस्थेने ते २०२१ साली टाकून दिले आणि २०२२ साली अंड्यांच्या गादीवरून ‘स्पंजी मॉथ’ हे नवे नाव दिले. औषधेही सौम्य झाली. ज्या जिवाणूचा फवारा आज तेथे वापरतात, तो १९०१ साली जपानात मेलेल्या रेशमाच्या किड्यांत प्रथम सापडला होता. तो माणसास व गुरांस बाधत नाही. परंतु इतर पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांस बाधतो, म्हणून त्यातही विवेक लागतो. आणि परसातल्या एकट्यादुकट्या झाडासाठी तेथील तज्ज्ञ काय सांगतात? हिवाळ्यात अंड्यांच्या गाद्या खरवडून साबणाच्या पाण्यात टाका. उन्हाळ्यात खोडास गोणपाट बांधा आणि रोज त्याखाली पाहा. सव्वाशे वर्षांनी फिरून गोष्ट फोर्बुशच्या गोणपाटावरच आली!

त्या दोघा शेजाऱ्यांस आम्ही हीच कथा सांगितली, आणि मग आमचे मत दिले. झाड ज्याचे, त्यास सुरवंटांची खबर लागल्यावर स्वस्थ बसण्याचा अधिकार नव्हता. दोनदा सांगूनही तो हलला नाही, हा त्याचा दोष. परंतु ज्याने रात्री गडग्यावरून विष टाकले त्याचा दोष अधिक जड. कारण सुरवंटास कोणी पाठविले नव्हते, विष मात्र माणसाने हाताने पाठविले. शेजाऱ्याच्या फांद्या आपल्या बाजूस आल्या तर त्या तोडण्यास कायद्यात वाट आहे. शेजाऱ्याचे अन्न विषारी करण्यास कोणत्याही कायद्यात वाट नाही. दाव्यात दोघांची पाच-सात वर्षे जातील, आणि शेवग्यावर दर आषाढात सुरवंट येतच राहतील.

दोघे बराच वेळ गप्प बसले. शेवटी वासराची किंमत दुसऱ्याने मोजली; ती घेताना पहिल्याने मान वर केली नाही. सुरवंटांचे काम दोघांनी वाटून घ्यावे, असे ठरले. पहिल्या पावसानंतर पानांमागे अंड्यांचे पुंजके दिसतील तेव्हाच ती पाने तोडून जाळावीत. त्यातून जे सुटतील ते दिवसा खोडावर जमतात, तेव्हा हातास फडकी गुंडाळून, लांब दांड्याच्या खराट्याने ते साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडावेत. चूड पेटवून खोड जाळू नये. त्याने सालही जळते. बाजारातले औषध ज्या झाडाचा पाला घरात शिजतो त्यास लावू नये. एवढेच. यासाठी विधिमंडळ लागत नाही, विमानही लागत नाही. पण दोन्ही घरांतील माणसे एकाच सकाळी एकाच झाडाखाली यावी लागतात, आणि मेडफर्डच्या इतिहासात पहिल्या वीस वर्षांत नेमके हेच घडले नाही.

शेवगा आजही उभा आहे. त्या घरातील वृद्धा पाला खुडण्यापूर्वी अजूनही एक पान चुरगळून नाकाशी नेते. दोन्ही घरांचे बोलणे पूर्वीइतके मोकळे झालेले नाही; पण आषाढात खराटा कोणाचा आणि बादली कोणाची, हे आता कोणास सांगावे लागत नाही.